चाकाच्या पोटातली घरघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्धापनदिनी या व्यासपीठावरून कोणी लोणच्यावर बोलते, कोणी भरतकामावर. चिटणीसबाईंनी मला "तुमच्या जीपविषयी बोला" असे सांगितले तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. ग्रीसने माखलेल्या हातांची हकीगत येथे शोभेल का, असे वाटले. पण घरखर्चात चार पैसे वाचवणे हा आपणा सर्वांचाच विषय आहे, आणि ते वाचवताना काय गमावू नये हेही त्यातच येते. म्हणून बोलते.

विलीज जीप महिंद्रांनी १९४७ साली आपल्याकडे आणली. आमची जीप त्याच घराण्यातली, जुन्या बांधणीची. आंब्याच्या पेट्या, खताची पोती, पाहुणेरावळे, सारे तीच वाहते. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पुढच्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली. वेग वाढला की आवाज वाढे, आणि उजवीकडे वळताना जास्तच होई. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा दुखणे डाव्या चाकात हे आमच्या पुतण्याने ओळखले.

जॅकवर चाक उचलून वरून व खालून धरून हलवले, तर ते डगमगले. पण एवढ्यावर निदान होत नाही. किंगपिन झिजली तरी चाक असेच हलते. म्हणून एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने चाक हलवायचे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. आमचा खेळ नाहीसा झाला. ओढे ओलांडताना झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत गेले होते, ग्रीस धुऊन निघाले होते आणि पोलादाला गंज चढला होता.

गॅरेजमध्ये दोन्ही चाकांचे मिळून सात हजार दोनशे रुपये सांगितले. सुटे भाग दोन हजार आठशेंचे आणि नटाचा मोठा बॉक्स पाना व इतर किरकोळ हत्यारे सहाशेंची. म्हणजे तीन हजार आठशे वाचणार! मी पदर खोचला.

काम अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. खाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे हवेत. चाक काढून ब्रेक सैल करावेत. मग टोपण आणि फ्लँज काढले की दोन मोठे नट दिसतात. त्यांच्यामध्ये एक पातळ वॉशर असतो. त्याची दुमडलेली कड सरळ करून नट सोडवले की हब ड्रमसकट हाती येते. आत दोन बेअरिंगे असतात, एक बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या.

ही बेअरिंगे निमुळत्या रोलरांची. त्यांचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली घेतले. रोलर निमुळते असल्यामुळे ती गाडीचे वजनही पेलतात आणि वळणावरचा आडवा रेटाही. मिस्त्री लोक त्यांच्या दोन भागांना कप आणि कोन म्हणतात. कप-कोनाची जोडी फोडू नये. जुन्या कपात नवा कोन घातला तर तोही लवकर जातो.

जुने कप पितळी छिन्नीने समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने ठोकत बाहेर काढले. नवे बसवताना जुना कप वर ठेवून ठोकले. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, तो कान देऊन ऐकावा. हब डिझेलने स्वच्छ धुतले, कारण रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबत राहावे, ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. पुरणपोळी भरणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही. मात्र ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये.

आता चूक सांगते. आतला नट चाक फिरवत फिरवत, ते जड होईपर्यंत आवळायचा आणि मग सुमारे एक षष्ठांश फेरा मागे सोडायचा, असे पुस्तकात वाचले होते. डाव्या चाकाला मी तसे केले. उजव्या चाकाच्या वेळी मन कचरले. चाक निसटले तर? थोडे घट्टच बरे, असे म्हणून नट मागे न सोडताच वॉशरची कड दुमडली.

शनिवारी दोन नातवांना घेऊन कुंभार्ली घाटाकडे निघालो. घाट सुरू होण्याआधीच करपल्याचा वास आला. उतरून पाहिले. डावे हब कोमट होते, उजव्यावर हात ठेववेना. भगिनींनो, माझे पाय लटपटले. पोलाद तापले की फुगते, बेअरिंग आणखी आवळते, ग्रीस पातळ होऊन ओघळते, आणि अखेर चाक जाम होते किंवा निखळते. ते घाटाच्या वळणावर झाले असते तर?

पुतण्या स्कूटरवरून पाना घेऊन आला. हब निवल्यावर नट सैल केला आणि सावकाश घरी परतलो. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले तर नव्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. पाचशे रुपये पाण्यात गेले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जात्याचा खुंटा सैल असला तर वरचा दगड डगमगतो, आणि फार घट्ट असला तर जाते ओढत नाही. एवढे तुला ठाऊक नव्हते?" ठाऊक होते, पण भीतीने विसरले.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींना तीनशे रुपये देऊन नुसते तपासायला बोलावले. त्यांनी चाक फिरवले, हलवले आणि मान डोलावली. एकूण हिशेबात तीन हजार वाचले. पण सर्वांत चांगले खर्चले गेले ते मिस्त्रींचे तीनशे, असे मी मानते.

आणखी एक सांगते. हल्लीच्या बहुतेक मोटारींत पुढची बेअरिंगे दाबून बसवलेली किंवा हबसह बंद जोडाची असतात. दाबून बसवलेली काढायला प्रेस लागतो, ती हातोड्याने ठोकू नयेत. भाग सोडवून प्रेसवाल्याकडे नेला तर निदान उघडजोडीची मजुरी वाचते. काम कोणीही केलेले असो, पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावून पाहावा. त्याला पैसा पडत नाही.

घरी काम करण्यात कमीपणा नाही, आणि जाणत्याला विचारण्यातही नाही. माझे नातू सुखरूप आहेत म्हणून ही हकीगत हसत सांगता येते.