फुकट तिकिटाचा हिशेब

विमान कंपनीचं नाव असलेलं क्रेडिट कार्ड घ्यावं की घेऊ नये, या विषयावर एका कवीने बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आमच्या रत्नागिरीत हा विषय परका नाही. मिरकरवाडा घ्या, राजिवडा घ्या, पावस घ्या, नाहीतर वर खेड-दापोली आणि खाली राजापूरपर्यंत जा. घरातलं एखादं माणूस कुवेत, बहरीन, दोहा, दुबई किंवा मस्कतला आहे, अशी घरं मोजावी तेवढी थोडी. एके काळी आमची माणसं बोटीने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायची आणि तिथून पुढे जहाजाने परमुलखात जायची. आता विमान आहे. त्यामुळे तिकिटाचा दर हा आमच्याकडे माशांच्या दराइतकाच रोजच्या बोलण्याचा विषय.

माझी मुलगी दोह्यात असते. नातू दीड वर्षांचा आहे. वर्षातून एकदा तरी त्याला जाऊन भेटावं, ही आमच्या घरच्यांची इच्छा. पेन्शन जवळ आलेल्या माणसाला ही इच्छा दरवर्षी परवडतेच असं नाही. अशात एके दिवशी फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘सर, रोजचाच खर्च या कार्डाने करायचा. पॉईंट जमतील आणि विमानाचं तिकीट फुकट मिळेल.’’ फोन ठेवेपर्यंत आतून आवाज आला, ‘‘अहो, मग घ्या की! किती आमसुलं न्यायची ते मी बघते.’’ म्हणजे आमचं विमान धावपट्टीवर येऊन उभंसुद्धा राहिलं होतं.

मी म्हटलं, जरा थांबू. ‘फुकट’ या शब्दावर माझा लहानपणापासून विश्वास नाही. वही घेतली आणि हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगतो. आकडे उदाहरणादाखल आहेत; तुमच्या कार्डाचे आकडे तुम्ही त्यांच्या जागी घाला.

पहिला प्रश्न, एका पॉईंटची किंमत किती? समजा, जाऊन-येऊन तिकीट २४,००० रुपयांना आहे. तेच पॉईंटवर घ्यायचं तर ४०,००० पॉईंट लागतात आणि वर करापोटी ४,००० रुपये रोख भरावे लागतात. हो, पॉईंटच्या तिकिटावरही कर आणि इतर आकार बहुधा द्यावेच लागतात. म्हणजे वाचले २०,००० रुपये. त्याला ४०,००० ने भागा. एक पॉईंट झाला ५० पैशांचा.

दुसरा प्रश्न, पॉईंट जमणार कसे? समजा, १०० रुपयांच्या खर्चाला २ पॉईंट मिळतात. मग ४०,००० पॉईंटांसाठी खर्च करायला हवा २० लाख रुपये. आमच्या घरात कार्डाने भरता येईल असा खर्च ओढूनताणून महिन्याला २०,०००. वर्षाला २ लाख ४० हजार. या चालीने तिकीट हाती यायला आठ वर्षांहून जास्त लागतील. आज दीड वर्षांचा असलेला नातू तोवर दहा वर्षांचा होईल आणि नानीला मोबाईल कसा वापरायचा ते शिकवू लागेल.

तिसरा प्रश्न, कार्डाची वार्षिक फी. समजा, ती ५,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. आठ वर्षांचे झाले ४७,२००. एवढ्यात रोखीने जवळजवळ दोन तिकिटं येतात! आपल्याकडे याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. आता न्यायाची गोष्ट हीसुद्धा, की कार्ड घेताना बरेचदा बोनस पॉईंट किंवा एखादं तिकीट मिळतं. तेही जमेला धरायलाच हवं. पण ते दरवर्षी मिळतं की पहिल्याच वर्षी, आणि देशातल्या प्रवासाला चालतं की परदेशच्याही, हे विचारून घ्यावं. शिवाय तुलना करायची ती बिनफीच्या साध्या कार्डाशी. तेही शंभराला अर्धा-एक रुपया परत देत असेल, तर विमानाच्या कार्डाने त्याहून जास्त किती दिलं, तेवढीच त्याची कमाई.

आता आमच्या गावचा खर्च पाहा. मासळी घेताना मी क्यूआर कोडवर पैसे देतो. किराणावाला, रिक्षावाला, भाजीवाली, सगळीकडे तेच. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडता येतं, पण ते रूपेचं असेल तरच. विमान कंपन्यांची बरीचशी कार्डं व्हिसा किंवा मास्टरकार्डची असतात. म्हणजे आमच्या खर्चाचा मोठा वाटा पॉईंटांच्या बाहेरच राहिला. पेट्रोल, घरभाडं अशा खर्चांवर अनेक कार्डं पॉईंट देतच नाहीत, तेही आहेच.

कार्ड परदेशात वापरलं तर काय होतं, हेही पाहू. रुपयाबाहेरच्या चलनात खरेदी केली, की अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लागतो आणि त्यावर जीएसटी. दोह्यात १०,००० रुपयांची खरेदी केली तर ३५० रुपये आकार, ६३ रुपये कर, गेले ४१३. मिळालेल्या पॉईंटांची किंमत १०० रुपये.

सगळ्यात मोठी गोम व्याजाची. आमच्या घरात व्याजाचा व्यवहार वडिलांच्या वेळेपासून टाळला जातो, त्यामुळे माझं लक्ष प्रथम तिकडेच गेलं. बिल मुदतीत पूर्ण भरलं तर खरेदीवर व्याज लागत नाही. पण बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक छोटा आकडा असतो. तेवढाच भरला, की उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे व्याज चढू शकतं. शंभराला एक रुपया मिळवायचा आणि दरमहा साडेतीन द्यायचे, हा व्यापार कुणीही करू नये, मग त्याचा धर्म कुठलाही असो.

ही कल्पना आली कुठून? अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपल्या नियमित प्रवाशांसाठी अशी योजना सुरू केली. पुढे इतरांनी तीच वाट धरली. आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ १९९४ मध्ये आली; २०२५ मध्ये तिचं नाव ‘महाराजा क्लब’ झालं. इंग्रजीत या योजनांना निष्ठेच्या योजना म्हणतात. उर्दू शायरीत ‘वफा’ म्हणतात ती हीच, पण तिथे वफेचा हिशेब ठेवत नाहीत. इथे ती पॉईंटात मोजतात आणि ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर रद्दही करतात.

आणि वफा करायची ती कुणाशी, हाही प्रश्न आहेच. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या प्रवाशांचे पॉईंट नव्या घरी गेले, पण तिच्या नावाची बँकांची कार्डं बंद झाली. पॉईंट हा पैसा नव्हे. एका तिकिटाला किती पॉईंट लागतील, हे कंपनी ठरवते आणि तो आकडा ती बदलू शकते. म्हणून वर्षानुवर्षं साठवून ठेवण्याची ही वस्तू नाही.

शिवाय आमचा आखाती प्रवासी निष्ठा ठेवतो ती कंपनीशी नव्हे, तर दराशी. ज्याचं तिकीट स्वस्त आणि सामान जास्त, तो आपला. मे महिन्यात हापूसची पेटी न्यायची असते तेव्हा पाच किलो जादा सामान हजार पॉईंटांपेक्षा मोलाचं वाटतं. आणि मे किंवा ईद म्हटली, की पॉईंटांवर मिळणाऱ्या जागा दुर्मीळ होतात. आम्हाला तर तेव्हाच जायचं असतं.

एका बाबतीत मात्र या कार्डाची बाजू मी घेईन. रत्नागिरीहून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस पहाटे मुंबईत पोचतो आणि विमान असतं दुपारी. तेवढा वेळ विमानतळावर बाकड्यावर काढायचा. साठीकडे झुकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला लाऊंजमधली मऊ खुर्ची, गरम चहा आणि स्वच्छ मोरी ही चैन नव्हे. पण तिथेही प्रवेश बहुधा सुटण्याच्या आधीचे दोन-तीन तासच मिळतो, आणि अनेक बँकांनी आता त्यासाठी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलाच पाहिजे, अशी अट घातली आहे.

मग हे कार्ड कुणी घ्यावं? माझा एक भाचा मासळीच्या व्यापारात आहे. महिन्यातून एकदा तरी दुबईला जातो, बहुतेक एकाच कंपनीच्या विमानाने. धंद्याचा मोठा खर्च कार्डाने करतो आणि बिल वेळेवर चुकतं करतो. त्याला मी म्हटलं, बिनधास्त घे. त्याचा प्रवास आधीपासून होता. कार्ड नंतर आलं. आमचं उलट होतं. कार्ड आधी येणार आणि ते वसूल करायला आम्ही खर्च शोधत फिरणार.

कार्ड नको म्हणजे पॉईंटही नकोत, असं मात्र नाही. विमान कंपनीच्या योजनेचं सभासदत्व बहुधा विनामूल्य असतं. त्याला क्रेडिट कार्ड लागत नाही. तिकीट काढताना आपला सभासद क्रमांक घालायचा, की प्रवासाचे पॉईंट आपोआप जमा होतात. बोटीवर नोकरी करणाऱ्या आमच्या मुलांची तिकिटं कंपनी काढते. त्यांनी तर हे जरूर करावं. काही योजनांत घरातल्या माणसांचे पॉईंट एकत्रही करता येतात.

नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे न मागता क्रेडिट कार्ड देता येत नाही. आणि थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याच्या अर्जावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करायची असते. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. तेव्हा घेतलेलं कार्ड परवडेनासं झालं, तर फी भरत बसायचं कारण नाही.

आमच्या घरी काय ठरलं ते सांगून थांबतो. मी हिशेब वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मला न्यायचंच नाही, असं सरळ सांगा ना!’’ मी म्हटलं, ‘‘तसं नाही. कार्डाच्या फीचे महिन्याला पाचशे रुपये होतात. ते आपण वेगळे ठेवू. माझ्या मुशायऱ्यांचं, लेखांचं जे मानधन येईल, तेही त्यात टाकू.’’ डब्यावर तिनेच चिठ्ठी चिकटवली: ‘दोहा’. मुलीला सांगितलं, मे आणि ईद सोडून दर कमी असेल तो महिना बघ. तिने नोव्हेंबर सुचवला आहे. तेव्हा हापूस नसेल, पण आमसुलं आणि सुके बोंबील नक्की जातील.