बाटलीवर तारीख लिहा

लहान मुलाला डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहून दिलं, की औषधाच्या दुकानातून जी बाटली मिळते तिच्या तळाशी नुसती कोरडी पूड असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि बाटली हलवायची. कंपनी ते आधीच कालवून का देत नाही? कारण या औषधाचं पाण्याशी फार दिवस जमत नाही.

पेनिसिलिनच्या घराण्यातल्या या रेणूत चार अणूंचं एक चिमुकलं कडं असतं. डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने पेनिसिलिनमधलं हे कडं सिद्ध केलं. एवढ्याशा जागेत बसताना अणूंमधले बंध वाकतात, कायम ताणलेले राहतात. पाण्याचा रेणू नेमका तिथेच घाव घालतो आणि कडं उघडतं. जंतूंच्या भिंतीचं बांधकाम रोखण्याची सारी ताकद त्या कड्यात असते. ते उघडलं की औषध निकामी. बाटलीकडे बघून हे कळेलच असं नाही. अ‍ॅस्पिरिनचं मात्र कळतं. दमट हवेत राहिलेल्या जुन्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो पाण्यामुळे होणाऱ्या अशाच विघटनाचा.

तापमान 10 अंशांनी वाढलं की अशी मोडतोड साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होते. म्हणून लेबलवर सांगितलं असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहा. लेबलवरची मुदत, बहुधा 7 दिवस, संपली की उरलेलं औषध पुढच्या आजारपणासाठी कृपा करून ठेवू नका.