‘बूरिश’ कोणास म्हणावें?
(पलूस येथें केलेलें भाषण)

आमच्या मुलांच्या इंग्रजी कोशांत ‘बूरिश’ असा एक शब्द आहे. अर्थ दिलेला असतो : असभ्य, दांडगट, रीतभात नसलेला. पण हा शब्द आला कोठून, हें पलूसच्या शेतकऱ्यानें एकदां ऐकून घ्यावें.

डच भाषेंत ‘बूर’ म्हणजे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेंतील ज्या डच वंशाच्या लोकांशीं इंग्रज 1899 ते 1902 पर्यंत लढले, त्यांचें ‘बोअर’ हें नांव त्याच अर्थाचें. इंग्रजींतही ‘बूर’ म्हणजे आधीं निव्वळ जमीन कसणारा. पुढें त्याचा अर्थ गांवंढळ झाला, आणि मग जो कोणी उद्धट वागेल तो बूर! ‘व्हिलन’ची गतही तीच. मूळचा तो जमीनदाराच्या शेतावर राबणारा कूळ. आज सिनेमांतला खलपुरुष. नांगर धरणाऱ्याच्या नांवाची शिवी करावी, ही युक्ति त्यांना कोणी शिकविली कोण जाणे.

आमच्याकडे तरी निराळें काय? ‘नागर’ म्हणजे चतुर, सुसंस्कृत. आणि ‘ग्राम्य’ हा तर संस्कृत काव्यशास्त्रानें काव्याचा दोषच ठरविला. ‘कुणबट’ शब्द कुणब्यावरूनच निघाला, पण तो गौरवानें उच्चारलेला आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

जोतीराव फुले 1888 सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषांत गेले, व राणीच्या त्या मुलापुढें त्यांनीं गरीब रयतेची स्थिति मांडली. वेष खेडवळ होता. त्या वागण्यास बूरिश म्हणण्याची कोणाची छाती आहे?

हा शब्द टाकून द्या असें आमचें म्हणणें नाहीं. तो वापरावा, पण जागच्या जागीं. हें विशेषण वागणुकीचें आहे, धंद्याचें नव्हे. आणि अडाणी व बूरिश हे एक नव्हेत. ज्याला रीत ठाऊक नाहीं तो अडाणी. दुसऱ्याच्या मनाची पर्वा न करतां जो अंगावर खेकसतो तो बूरिश. कागद घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ‘ए, बाजूला हो’ म्हणणारा कडक इस्तरीचा कारकून बूरिश. चिखलाच्या पायांनीं शेतांतून येऊन आधीं पाहुण्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवणारी बाई नव्हे.

आणि बाजारांत कुंभाराचीं दहा मडकीं वाजवून पाहावयाचीं, भाव पाडावयाचा, वर त्या वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे करावयाचें, असा कोणी आमच्याच भावकींतला असला, तर बूरिश तोही.