कोणते ग्रंथ बाद करावेत?

(अकोला येथे ग्रंथालय सेवक व कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाने एकही पुस्तक बाद करू नये, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. ग्रंथालय सतत वाढतच असते, हा सिद्धांत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडला. परंतु कपाटे आणि इमारती त्या वेगाने वाढत नाहीत. कालबाह्य झालेल्या क्रमिक पुस्तकाच्या चाळीस प्रती जपण्यात शहाणपण नाही. वाळवीने पोखरलेला ग्रंथ तर त्याच दिवशी बाहेर काढावा, नाहीतर तो शेजारच्या दहांना घेऊन जातो. प्रश्न आहे तो कोणत्या कसोटीवर आणि कोणाच्या संमतीने बाद करावयाचे, हा.

आज सर्वांत सोयीची कसोटी आहे ती देवघेवीची. इतक्या वर्षांत पुस्तक कोणी नेले नाही, सबब ते निरुपयोगी. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाची एक पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६९ साली घेतलेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ पहिल्या सहा वर्षांत एकदाही वाचकांनी नेले नव्हते, असे तीत आढळले. अशा आकड्यांवरून ग्रंथांची किंमत ठरविणे म्हणजे, अर्थशास्त्राच्या भाषेत, मागणी हेच मूल्य मानणे होय. क्रमिक पुस्तकांना ही कसोटी लागू पडेल. संशोधन ग्रंथालयाला ती लावणे हा विपर्यास आहे. संदर्भ विभागातील अहवाल मुळी घरी नेताच येत नाही. मग त्याच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का येणार कोठून? एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही) कापूस बाजाराच्या वार्षिक अहवालांचा बांधीव संच मला रद्दीच्या ढिगात दिसला. शेरा होता, 'वापर नाही'. तो संच मी स्वत: त्याच वाचनकक्षात बसून अनेकदा चाळला होता, परंतु बसून वाचणाऱ्याची नोंद कोणी ठेवीत नसते.

वऱ्हाडच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे. हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजधानी बदलली की दप्तरही विखुरते. लायलसाहेबांच्या १८७० च्या गॅझेटिअरची मला चिंता नाही. ते जगात कोठेही मिळेल. चिंता आहे ती जमाबंदीचे अहवाल, हंगाम व पीक अहवाल, सहकारी बँकांचे ताळेबंद, शेतकरी परिषदांची पत्रके आणि 'वऱ्हाड समाचार'सारख्या अकोल्याच्या जुन्या पत्रांचे अंक यांची. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा हा देशातील बाजार-नियमनाचा आद्य कायदा मानला जातो. त्याखालील बाजारांचे वृत्तांत किंवा १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीचे व चुकाऱ्यांचे तक्ते नाहीसे झाले, तर शेतकरी कर्जात कसा बुडत गेला हे सिद्ध कशाच्या आधारावर करणार? सावकाराची वही शाबूत आणि कुळाचा पुरावा रद्दीत, असा तो न्याय होईल.

ग्रंथपालांना मी दोष देत नाही. त्यांच्या डोक्यावर लेखापरीक्षणाची टांगती तलवार असते. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम पाहा: वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले, तर ते वाजवी, मात्र हजार रुपयांहून अधिक किमतीचा, किंवा किंमत काहीही असो पण दुर्मिळ असा ग्रंथ हरवला, तर चौकशी अटळ. नियम योग्यच आहे. परंतु तोच दुर्मिळ ग्रंथ समितीच्या सह्यांनिशी रद्दीत गेला, तर तो हरवला असे कोणी म्हणत नाही! आणि बारा आण्यांचा अहवाल दुर्मिळ आहे, हे ठरविणार कोण?

त्यात आता संगणकाची भर पडली आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत १ जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. विद्यार्थ्यांचा यात लाभ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वर्गणी म्हणजे भाडे, मालकी नव्हे. त्या भरवशावर बांधीव संच विकणे म्हणजे भाड्याची खोली मिळाली म्हणून वडिलोपार्जित घर मोडण्यासारखे आहे.

ब्रिटनमधील संशोधन ग्रंथालयांनी २००७ पासून एक साधी शिस्त पाळली. नियतकालिकाचा संच बाद करण्यापूर्वी देशात त्याच्या तीन प्रती राहतील, एक ब्रिटिश लायब्ररीत व दोन अन्यत्र, याची खात्री करावयाची. ही खात्री करूनही शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या फळ्या मोकळ्या झाल्या. म्हणजे जागा आणि जतन यांत वैर नाही.

आपल्याकडे अमरावतीचे विद्यापीठ, १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेली तेथील शासकीय विदर्भ संस्था, येथील कृषी विद्यापीठ व बाबूजी देशमुख वाचनालय यांच्यात अंतर आहे ते शंभरेक किलोमीटरचे. बाद करावयाची यादी आधी एकमेकांकडे पाठवावी आणि दोन महिने फलकावर लावावी, यासाठी इमारत लागत नाही की अनुदान. वऱ्हाडविषयक छापील साहित्याला देवघेवीची कसोटी लावूच नये. त्याची एक प्रत अमरावतीत व एक अकोल्यात राहावी, कारण आग आणि वाळवी दोन्ही गावांत एकाच दिवशी सहसा येत नाहीत. समितीत प्राध्यापकांबरोबर बाजार समितीचा हिशेब जाणणारा एखादा शेतकरीही असावा. आरंभ कापूस बाजाराच्या अहवालांपासून करू. आपापल्या ग्रंथालयात कोणत्या सालांचे अहवाल आहेत, हे आज घरी जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून माझ्याकडे द्यावे.