मुळावरच्या गाठी आणि विहिरीचं पाणी



गेल्या श्रावणात शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आमच्या बचत गटाला बोलावलं. आठवीच्या मुलांना नायट्रोजन चक्र पाठ होतं, पण पुस्तकातला नायट्रोजन म्हणजेच घरी बोलतात ते नत्र, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींच्याही नव्हतं.

आम्ही मुलांना मुगाच्या वावरात नेलं. खुरप्यानं रोप मातीसकट काढलं, बादलीत मुळं धुतली. मुळांवर बारीक गाठी. "कीड लागली," एक मुलगी म्हणाली. तिलाच नखानं गाठ फोडायला लावली. आत गुलाबी! गुलाबी म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. हे जिवाणू तो पिकाला घेता येईल असा करून देतात आणि पिकाकडून साखर घेतात. शेजारच्या ज्वारीच्या मुळांवर अशा गाठी नव्हत्या. म्हणून तिला नत्र बाहेरून द्यावं लागतं.

मग युरियाची गोणी दाखवली. ४५ किलोची गोणी, त्यात ४६ टक्के नत्र. मुलांनी हिशेब केला : पावणे एकवीस किलोच्या आसपास. "सगळं पिकालाच मिळतं?" एकानं विचारलं. नाही. काही हवेत उडतं, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली मुरतं. "खाली म्हणजे आपल्या विहिरीत?" या प्रश्नावर आम्हीच गप्प झालो.

विहिरीचं पाणी तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आमचा आकडा त्याच्या वर निघाला. आमच्यातली एक आजी नातवाच्या वरच्या दुधात तेच पाणी उकळून घालत होती. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्यानं कमी होऊ शकते, अंग निळसर पडू शकतं. आता तान्ह्यांसाठी तपासलेलं दुसरं पाणी आणतो. शेणखताचा खड्डा विहिरीपासून लांब हलवला. युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यानं देतो.

मैत्रिणींनो, लेकरू धडा पाठ करत असेल तर त्याला वावरात न्या, एक रोप उपसून दाखवा. आणि आपल्या विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या.