वजनाच्या पोटातले शिसे



आज येताना मी पिशवीत एक वस्तू घालून आणली आहे. हे पाहा, एक किलोचे लोखंडी वजन. हे मी उलटे करतो. तळाला खळगा दिसतो ना? त्यात शिसे भरलेले असते. वजन तपासून बरोबर ठरले, की सरकारी निरीक्षक त्या शिशावर शिक्का मारतो. या वजनाचा खळगा मात्र रिकामा आहे.

हे वजन माझ्याच दुकानातले. पंचवीस वर्षे मी गावात किराणा विकला. वजने दर दोन वर्षांनी तपासून आणायची असतात. मी आज जाऊ, उद्या जाऊ करीत चार वर्षांनी गेलो. तिथे हे वजन पारड्यात ठेवले, तर पारडे वर! शिसे कधी गळून पडले, मला ठाऊकच नाही. वजन उचलताना खाली कोण पाहतो? मनात लबाडी नव्हती हो. पण आळीतल्या बायाबापड्या याच वजनाने साखर नेत होत्या. कुणाला किती कमी गेली, ते आता कोणत्या वहीत शोधू? म्हणून हे वजन मी मोडीत घातले नाही.

जुन्या माणसांना पायली, अधोली, शेर, मापटे ठाऊक आहे. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. मग भांडण व्हायचेच. १९५६ साली देशात वजनमापांचा कायदा झाला. १९५८ पासून किलो, ग्रॅम आले आणि १९६२ साली जुनी वजने बंद झाली. सध्या २००९ सालचा कायदा चालतो. त्याचे काम पाहणाऱ्या खात्याला वैधमापन म्हणतात. नाव अवघड आहे, पण फळ्यावर लिहून ठेवा, उपयोगी पडेल.

आता लोखंडी वजने कमी झाली. काटा विजेवर चालतो, आकडे लाल दिव्यांनी दिसतात. आकडा दिसला म्हणजे तो खराच, असे आपल्याला वाटते. तसे नसते. या काट्याची तपासणी दरवर्षी करावी लागते. तपासल्याचा दाखला दुकानात दिसेल असा लावायचा असतो. त्यावर तारीख असते. ती वाचा. तुम्हाला आता वाचता येते.

आपण घेणारे तसे विकणारेही आहोत, हे विसरू नका. लबाड व्यापाऱ्याचे घ्यायचे माप वेगळे आणि द्यायचे वेगळे. समजा, सोयाबीनची वीस पोती काट्यावर गेली. पोत्यामागे दोन किलो कमी दिसले. वीस पोत्यांचे झाले चाळीस किलो. किलोला चाळीस रुपये भाव धरला, तर सोळाशे रुपये गेले. एवढ्यात मजुराची किती दिवसांची हजेरी निघते, तुम्हीच सांगा! म्हणून पोते चढवण्याआधी काट्यावर शून्य आहे का, ते पाहा. मग म्हणा, "शेठ, शिक्क्याचे वजन ठेवून दाखवा." खरा व्यापारी रागावत नाही. मी रागावलो नसतो. उलट माझी चूक लवकर कळली असती.

मिठाईवाला खोक्यासकट पेढे तोलतो. तसे करू देऊ नका. खोके पेढ्याच्या भावाने कशाला घ्यायचे? घरच्या गॅसच्या टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवा. भरलेली टाकी तेवढी भरली पाहिजे. ती तोलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. पेट्रोलपंपावर पाच लिटरचे माप असते. शंका आली, तर त्यात ओतून दाखवायला सांगा.

बंद पुड्यावर निव्वळ वजन, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि जास्तीत जास्त किंमत छापलेली असते. त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. थंड करण्याचे दोन रुपये जास्त, असे कुणी मागितले तर देऊ नका. कमी किमतीत मात्र दुकानदार देऊ शकतो. घासाघीस करायला हरकत नाही.

दुकानदाराने ऐकले नाही, तर भांडत बसू नका. पावती घ्या. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते, किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कचेरीत अर्ज देता येतो. अर्ज लिहायला आता दुसऱ्याच्या दारात जायला नको.

बरे, माझे बोलणे पुरे. हे रिकाम्या पोटाचे वजन मी तुमच्यात फिरवतो. प्रत्येकाने उलटे करून पाहावे. आणि हे दुसरे, शिक्क्याचे. त्याच्या शिशावर बारीक खुणा आहेत. पुढच्या रांगेतल्या मावशी, कंदील जवळ घ्या. काय लिहिले आहे, वाचा पाहू.