रमाबाईंना आठ वर्षांनी काय सापडलं?

आज कर्जाची, व्याजाची माहिती नाही. आमच्या गटात एक प्रसंग घडला, त्यावरून निघालेली गोष्ट सांगायची आहे.

आमच्या गटाच्या वह्या चोख. दर शनिवारी बैठक, हजेरी, बचत, इतिवृत्त, सगळं वेळच्या वेळी. पंचसूत्री पाळतो म्हणून आमचं कौतुकही झालेलं. आणि मग कळलं, की आमच्यातली एक ताई तीन महिने मंगळसूत्र गहाण ठेवून हप्ता भरत होती. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात मारहाण. दर शनिवारी ती आमच्याच शेजारी बसून सही करून जायची. एकीनंही विचारलं नाही. हप्ता येत होता ना!

तेव्हा गटातल्या एक ख्रिस्ती मावशी म्हणाल्या, "आमच्या चर्चसारखंच झालं हे. रविवार चुकत नाही, पण..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला मात्र पंडिता रमाबाईंची गोष्ट घेऊन आल्या.

रमाबाई आपल्या पुण्याच्याच म्हणायच्या. १८८२ मध्ये त्यांनी इथे आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं, ते आपण ऐकून असतो. पुढचं आम्हाला ठाऊक नव्हतं. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता.

आम्ही मावशींना म्हटलं, असं कसं? धर्म बदलण्यासाठी बाईनं एवढं सोसलं, आणि तरी नव्हता?

मावशींनी समजावलं ते असं. रमाबाईंचे आईवडील आयुष्यभर तीर्थयात्रा करत फिरले. व्रतं, दानं, पुराणं, कशात कमी केलं नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात दोघंही गेले. पुढे रमाबाईंनी ख्रिस्ती मतं अभ्यासली, बुद्धीला पटली, म्हणून स्वीकारली. पण मनाला शांती नव्हती. त्याच काळात एका इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. तो लोकांना धर्म शिकवत होता आणि स्वतः मात्र रिकामा होता. रमाबाईंना त्यात आपलंच दिसलं. आपल्या लायकीवर काहीच मिळायचं नाही, जसे आहोत तसेच ख्रिस्तापुढे जायचं, हे तेव्हा त्यांना उमगलं. "देवाला हिशोब दाखवणं थांबलं," मावशी म्हणाल्या. वह्या सांभाळणाऱ्या आम्ही, आम्हाला हे लगेच कळलं.

इथे एक गोष्ट आम्हाला अडली. खरी श्रद्धा कामातून दिसते, असं आपण म्हणतो. पण शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं, म्हणजे हे उमगण्याआधीच. चांगलं काम तर तेव्हाही चालूच होतं! मग फरक कुठे? यावर आमचं एकमत झालं नाही. चर्चचं सगळं ऐकणं म्हणजे श्रद्धा, असंही म्हणता येत नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, म्हणून वाँटेजच्या सिस्टरांशी वाद घातला.

आम्हाला वाटतं, नंतर त्या निर्धास्त झाल्या. दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुलींना आणलं. दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. जिला कुणी दारात उभं करत नव्हतं तिलाही तिथे जागा होती. आंधळ्या बायका तिथे वाचायला शिकल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं सोपं मराठी केलं, आणि त्याचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी ते काम हातावेगळं झालं होतं.

आमच्यातल्या बहुतेकजणी मार्गशीर्षातले गुरुवार करणाऱ्या, दोघी रोजे ठेवणाऱ्या. मावशींचा ख्रिस्त आमचा नाही. पण त्यांचं अर्धवट राहिलेलं ते वाक्य प्रत्येकीनं आपापल्या मनात पुरं केलं असणार.

गेल्या शनिवारी आम्ही वही उघडण्याआधी अर्धा तास नुसत्या बसलो. दोघीतिघी कुरकुरल्या, स्वयंपाकाला उशीर होतो म्हणून. ताई आली होती. फारसं बोलली नाही. चहा घेतला, सही केली, आणि उठताना मावशींना हळूच म्हणाली, "थोडं थांबाल का?"